कचऱ्याचे शिक्षण दारातच होते

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्यात आमच्या भागातल्या चौकांत स्वच्छतेचे नवे फलक लागले. ओला कचरा हिरव्या बादलीत टाकावा, सुका निळ्या बादलीत टाकावा आणि शहर पर्यावरणपूरक करण्यास हातभार लावावा, असा त्यांवरचा मजकूर आहे. माझ्या घराजवळच्या फलकाच्या खांबाशी सकाळी दहापर्यंत गाठ मारलेल्या पिशव्यांचा ढीग साचलेला असतो. परवा कुत्र्यांनी फाडलेल्या एका पिशवीतून शिळा भात, नारळाच्या शेंड्या, लहान मुलाचे डायपर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या एकत्रच रस्त्यावर आल्या होत्या. हा ढीग करणाऱ्यांना फलक वाचता येत नाही असे मुळीच नाही. आमच्या भागात पदवीधर नसलेले घर शोधावे लागेल. मी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून गेली आठ वर्षे आमच्या गृहनिर्माण संस्थेतील कचऱ्याचे काम पाहत आहे. या दोन्ही अनुभवांवरून माझे ठाम मत झाले आहे की, शहर पर्यावरणाच्या दृष्टीने टिकाऊ करायला लागणारे कायदे आपल्याकडे पुरेसे आहेत, जनजागृतीवर पैसाही खर्च होतो आहे, परंतु कायदा आणि लोकशिक्षण यांची गाठ जिथे पडायला हवी त्या जागेकडे, म्हणजे नागरिकाच्या दाराकडे, धोरण आखणाऱ्यांचे लक्ष सर्वांत कमी आहे.

पुण्याने या बाबतीत देशाला दाखवावे असे काम केले आहे, आणि त्याचा उगम शिक्षणातच आहे, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांसाठी वर्ग घेऊ लागल्या. अक्षरे शिकवायला गेलेल्या या कार्यकर्त्यांनाच तिथे एक धडा मिळाला. उकिरड्यात हात घालून कागद, काच, पत्रा काढण्याऐवजी तो माल घरातूनच वेगळा मिळाला, तर या स्त्रियांचे कष्ट कमी होतील, हाताला काचा लागणार नाहीत आणि स्वच्छ मालाला भावही बरा येईल, ही गोष्ट त्यांना त्या स्त्रियांकडून समजली. मग काही सोसायट्यांमधून तसा माल घेण्याचा प्रयोग सुरू झाला. मे १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि तिच्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. १९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. केंद्र सरकारचे नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम त्यानंतर, २००० मध्ये आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी त्या नियमांनी महापालिकांवर टाकली, तेव्हा पुण्यात ते काम करू शकणारी, हातात घेताच कचऱ्याचा प्रकार ओळखणारी आणि लोकांशी बोलण्याची सवय असलेली माणसे आधीच तयार होती. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकरी, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, या व्यवस्थेतून शहरात दारोदार जातात.

त्यांच्यापैकी एक ताई आमच्या इमारतीत सकाळी साडेसातला येतात. ढकलगाडी फाटकाशी लावून त्या वरच्या मजल्यापासून खाली उतरत येतात. एखाद्या घरच्या ओल्या बादलीत वेफर्सचे पाकीट दिसले, तर त्या ते दोन बोटांनी उचलतात, दार उघडणाऱ्या व्यक्तीला दाखवतात आणि म्हणतात, “काकू, हे ओल्यात नाही चालत, मला खाली हातानं काढावं लागतं.” त्यांच्या बोलण्यात राग नसतो. दुसऱ्या दिवशी पाकीट पुन्हा दिसले, तर पुन्हा तेच वाक्य तेवढ्याच शांतपणे येते, आणि आठवडा उलटायच्या आत ते पाकीट न सांगता सुक्या कचऱ्यात जाऊ लागते. वर्गात शिकवताना मुलाची चूक ज्या क्षणी होते त्याच क्षणी दाखवावी, आठ दिवसांनी वही तपासून दाखवू नये, असे आम्ही नवीन शिक्षकांना सांगत असू. ताई नेमके हेच करतात. चूक ज्या बादलीत झाली तिथेच, ज्याने केली त्यालाच त्या ती दाखवतात, आणि त्या चुकीमुळे कोणाचा हात घाणीत जाणार आहे हेही त्याच वाक्यात कळते. इतक्या थोड्या शब्दांत इतके शिकवणारा धडा मी माझ्या नोकरीत क्वचितच घेऊ शकले.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. तिच्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या परत घेण्यासाठी पिशवीमागे ५० पैसे परतावा देण्याची तरतूद होती. कल्पना उत्तम होती, पण रिकामी पिशवी कोणी परत घ्यायची, ती कुठे साठवायची आणि ते ५० पैसे ग्राहकाच्या हातावर कोणी ठेवायचे, ही साखळी गल्लीतल्या दुकानापर्यंत कधी पोहोचलीच नाही. मी त्या वर्षी आमच्या भागातल्या चार दुकानांत विचारणा केली. चौघांनाही या परताव्याविषयी काही सांगता आले नाही. त्याच सुमारास ताईंनी आमच्याकडच्या गृहिणींना सांगायला सुरुवात केली की, पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या, म्हणजे तो तुकडा पिशवीलाच राहील. आणि पिशवी विसळून, उलटी करून वाळवून द्या. तो नखाएवढा तुकडा भंगारवाला घेत नाही आणि वेचणारीला तो चिमटीत सापडत नाही. ओल्या कचऱ्यातून तो खतात जातो, नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि तिथून नदीत. आमच्या अठ्ठेचाळीस घरांपैकी चाळीसेक घरांच्या खिडक्यांच्या गजांना आज दुधाच्या पिशव्या वाळत घातलेल्या दिसतात.

ताईंनी शिकवले आणि सरकारला जमले नाही, एवढाच निष्कर्ष यातून कोणी काढू नये. उत्पादकाने वाटेल ते बाजारात आणावे आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची हे ताईंनी दारोदार शिकवत फिरावे, ही न्याय्य वाटणी होऊ शकत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात किंवा तसेच उघडे कचऱ्यात येत, आणि ते हाताळण्याची पाळी कचरावेचक स्त्रियांवर येई. २०१३ मध्ये पुण्यातल्या या स्त्रियांनी असे पॅड पोत्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवले. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची सवयही त्या घराघरांत लावू पाहत होत्या. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅडच्या पाकिटासोबत ते टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. लोकशिक्षण म्हटले की सरकारने शिकवावे आणि जनतेने शिकावे, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. इथे शहरातल्या सर्वांत कमी मिळकतीच्या स्त्रियांनी जो आग्रह धरला, तो तीन वर्षांनी देशाच्या नियमांत उतरलेला दिसला. अंमलबजावणीचे काय झाले, हे मात्र कोणत्याही कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये उभे राहून पाहावे. लाल ठिपका असलेली पुडी दहांत किती असते, हे मोजायला फार वेळ लागत नाही.

कचरा दारात वेगळा झाला नाही तर पुढे काय होते, याचा अनुभव पुणेकरांना आहे, पण तो आपल्या डोळ्यांआड, जिथे शहराचा कचरा नेऊन टाकला जात असे त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी घेतला. आपल्या शहराच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातला ओला कचरा असतो. तो हवेशीर खड्ड्यात, वाळलेल्या पानांचे थर देऊन कुजवला, तर दीड-दोन महिन्यांत त्याचे मातीच्या वासाचे खत होते. तोच ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगाखाली दाबला गेला, की हवा मिळत नाही, मिथेन वायू तयार होतो, ढीग उन्हाळ्यात पेट घेतात आणि पावसाळ्यात त्यांतून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरते. त्या गावांतल्या विहिरींचे पाणी असेच बिघडले. तिथले ग्रामस्थ वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत राहिले, कचऱ्याच्या गाड्या अडवत राहिले, आणि गाड्या अडल्या की चार दिवस आपल्या चौकांत ढीग साचत, तेवढ्यापुरती आपल्याला ती गावे आठवत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी त्या भागातून शाळेत येत असे. निबंधात ‘आमचा गाव’ या विषयावर तिने लिहिले होते की, आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला राहत नाहीत. त्या वहीवर शेरा काय लिहावा हे मला सुचले नव्हते.

२०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग निर्मितीच्या जागीच वेगळे करणे प्रत्येकावर बंधनकारक केले, मोठ्या गृहसंकुलांवर आणि संस्थांवर आपला ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली, आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये त्याला अनुसरून उपविधीही केले. आपल्याकडे नियमांचा दुष्काळ नाही. उणीव आहे ती सातत्याची. ‘स्वच्छ’चा पहिला करार पाच वर्षांनी संपला तेव्हा नूतनीकरण लांबले. दुसरा करार २०२० च्या अखेरीस संपल्यावर काही काळ अल्प मुदतीच्या मुदतवाढींवर काम चालू राहिले. जिला पुढच्या तिमाहीत आपण या गल्लीत असू की नाही हे माहीत नाही, तिने घराघरांतल्या माणसांच्या सवयी बदलण्यासाठी जीव का टाकावा? शाळेत दर तीन महिन्यांनी शिक्षक बदलला, तर मुले त्याचे नावसुद्धा लक्षात ठेवत नाहीत. दारातल्या शिक्षणालाही हे तंतोतंत लागू आहे. वर्गीकरणाची सवय ही ओळखीवर उभी असते. ताईंना आमच्या घरातल्या आजारी माणसांची माहिती आहे, कोणाकडे बाळ आहे, कोणाकडे नवीन भाडेकरू आले हे त्यांना ठाऊक असते, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे ऐकले जाते. त्यांच्या जागी मोठी घंटागाडी आली, ध्वनिक्षेपकावर गाणे वाजले आणि लोकांनी खाली येऊन पिशव्या आत फेकल्या, तर कचरा उचलला जाईल, परंतु पिशवीत काय होते हे कोणीही कोणाला सांगणार नाही.

त्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पुणे महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. प्रशासकाच्या काळात कामे झाली नाहीत असे मी म्हणणार नाही, पण प्रभागातल्या शेडची जागा कोणी बळकावली, ढकलगाडीचे चाक मोडले, हातमोजे वेळेवर मिळाले नाहीत, अशा तक्रारी घेऊन ज्याच्या दारात हक्काने जावे असा माणूस त्या काळात नव्हता.

आता आमच्या स्वतःच्या संस्थेविषयी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दोष केवळ पालिकेकडे बोट दाखवून संपत नाही. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक प्रकल्प चालवणाऱ्यांना १० टक्के सवलत देते. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला विकसकाने गांडूळखताचे तीन पक्के खड्डे बांधून दिले होते. मी काम हाती घेतले तेव्हा त्यांतल्या दोन खड्ड्यांत गंजलेल्या सायकली, फुटके बेसिन आणि जुन्या फरशा होत्या. तिसऱ्याचे झाकण कुलूपबंद होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. करसवलत मात्र दरवर्षी मिळत होती. सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला, तेव्हा एका सभासदांनी विचारले की, सवलत मिळते आहे ना, मग वास कशाला ओढवून घ्यायचा? मला त्यांचा राग आला, पण विचार केल्यावर जाणवले की, त्यांचा प्रश्न धोरणातूनच आला होता. सवलत खड्ड्याला होती, खताला नव्हती.

खड्डे चालू करायला आम्हाला अकरा महिने लागले. पहिल्या प्रयत्नात ओला कचरा नुसता ओतत गेलो. पाणी साचले, अळ्या झाल्या, तळमजल्यावरच्या कुटुंबाने रीतसर तक्रार केली. पुढे ताईंनीच ओळखीची एक अनुभवी कचरावेचक बाई आणली. तिने खड्ड्यात हात घालून मूठभर कचरा पिळून दाखवला. पाण्याची धार लागली. ती म्हणाली, “बाई, ह्याला वाळकं खाऊ द्या.” मग बागेतली वाळलेली पाने जाळण्याऐवजी पोत्यांत साठवायला सुरुवात झाली, एक बादली ओला कचरा टाकला की वर तेवढीच पाने पसरायची असे ठरले, आणि तीन आठवड्यांत वास गेला. एके सकाळी झाकण उघडल्यावर वाफ आली. हात धरवेना इतका खड्डा आतून तापला होता. जिवाणूंच्या श्वसनातून उष्णता निघते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेन. ती वाफ हाताला लागल्यावर आमच्या इमारतीतली सहावी-सातवीतली मुले रोज शाळेला जाताना थांबून झाकण उघडून पाहू लागली, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईवडील येऊ लागले.

शालेय शिक्षणाविषयी मी जे म्हणणार आहे ते माझ्याच पेशातल्या लोकांना कदाचित रुचणार नाही. पर्यावरणशिक्षण सर्व इयत्तांत असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्याकडे प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला आहे, महाविद्यालयातही पर्यावरणाचा अभ्यासक्रम आहे. परंतु प्रकल्पवही नावाची जी वस्तू आम्ही मुलांकडून करून घेतो, तिच्यात दुकानात मिळणारी चित्रे चिकटवलेली असतात आणि मजकूर मोठ्या भावंडाच्या वहीतून उतरलेला असतो. मीही अशा शेकडो वह्यांवर सही केली आहे. एका वर्षी मात्र मी मुख्याध्यापकांची परवानगी काढून नववीच्या वर्गाला जवळच्या वर्गीकरण शेडमध्ये नेले. तिथे काम करणाऱ्या एका मावशींनी पोते उलटे केले आणि मुलांना विचारले, “ह्यातलं काय इकलं जाईल सांगा.” चाळीस मुलांना मिळून जे जमले नाही ते त्यांनी काही मिनिटांत करून दाखवले. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, आणि सगळ्यांत मोठा ढीग चकचकीत वेष्टनांचा, ज्याला कोणीच घेत नाही. त्या ढिगात मुलांना त्यांच्याच मधल्या सुट्टीतल्या खाऊची पाकिटे दिसली. परत येताना एका मुलाने विचारले की, जे विकले जात नाही ते बनवतातच का? उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आमच्या पुस्तकात एका परिच्छेदात आहे. तो परिच्छेद त्या वर्गाला मला शिकवावा लागला नाही.

लोकशिक्षण आणि धोरण यांची योग्य सांगड पडली, की धार्मिक भावनेशी जोडलेली सवयही बदलते, हे पुण्याने गणेशोत्सवात पाहिले आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नदीत विरघळत नाहीत, हे सर्वांना दिसत होते. पण विसर्जन नदीत करू नका एवढे सांगून भागले नसते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती घरच्या बादलीतच विरघळवण्याची पद्धत दिली, महापालिकेने ती पावडर नागरिकांना विनामूल्य वाटली, घाटांवर हौद ठेवले, निर्माल्यासाठी कलश ठेवले आणि निर्माल्य वेगळे घेण्यासाठी कचरावेचक आणि स्वयंसेवक घाटावर उभे राहिले. बादलीच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेट उरते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे झाडांना घालता येण्यासारखे खत असते, हे एकदा घरात पाहिले की पुढच्या वर्षी सांगावे लागत नाही. माझ्या सासूबाईंचा बादलीतल्या विसर्जनाला सक्त विरोध होता. ते पाणी अंगणातल्या जास्वंदीला घातल्यावर त्या म्हणाल्या, बाप्पा जास्वंदीतच गेले. त्यानंतर आमच्या घरातला वाद मिटला. पर्याय हाताशी होता, फुकट होता, आणि तो सांगायला माणूस समोर उभा होता, म्हणून हे घडले.

इंदूरला जमते मग पुण्याला का जमत नाही, हा प्रश्न वाचकांच्या पत्रांतून वारंवार येतो. इंदूरमध्ये ओल्या कचऱ्यापासून वायुनिर्मितीचा दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, याचे कौतुक सर्वांना आहे. पण असा प्रकल्प मुळात चालतो तो त्याच्यापर्यंत येणारा ओला कचरा निर्भेळ असतो म्हणून. प्लास्टिक मिसळलेला कचरा घातला तर कोणतेही यंत्र अडते. पुण्यातही छोटे बायोगॅस प्रकल्प उभारताना हा अनुभव आलेला आहे. इतके लांब जायचे नसेल तर आपल्या वेंगुर्ल्याकडे पाहावे. १२ हजार वस्तीच्या त्या नगरपरिषदेने घरातूनच कचरा अनेक प्रकारांत वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि कचरा डेपोच्या जागेवर लोक आज बघायला जातात अशी बाग उभी राहिली. पणजीने रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या आणि सुका कचरा घेण्याचे वार ठरवून दिले. दुसरीकडे मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधून रहिवाशांच्या स्थानिक व्यवस्थापन गटांची चळवळ सुरू झाली, महापालिकेने ती उचलून धरली, शेकडो गट झाले. पण त्यांतले बरेच पुढे थंडावले, कारण वॉर्ड कार्यालयातला उत्साही अधिकारी बदलला की पाठपुरावाही थांबे. वेंगुर्ल्याला लहान गाव म्हणून आणि इंदूरला वेगळे राज्य म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. जोशी लेनचा अनुभव मात्र आपल्या सर्व महानगरांनी मनाशी धरावा असा आहे.

म्हणून नव्या सभागृहाकडे आणि प्रशासनाकडे माझे काही स्पष्ट मागणे आहे. दारोदार कचरा घेणाऱ्या कष्टकऱ्यांशी होणारे करार किमान पाच वर्षांचे असावेत आणि त्यांचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पूर्ण व्हावे, म्हणजे मुदतवाढीची टांगती तलवार राहणार नाही. जनजागृतीच्या तरतुदीतला मोठा वाटा फलकांवरून काढून दारावर आणावा: नव्या इमारतीत, नव्या भाडेकरूंकडे जाऊन समजावण्यासाठी ताईंना जो जास्तीचा वेळ लागतो, त्याचा मोबदला स्वतंत्र मिळावा. आज तो वेळ त्या स्वतःच्या पदरचा देतात, आणि भंगार विकून येणाऱ्या पैशांतून तो वजा होतो. मिळकतकरातली सवलत खड्ड्याच्या छायाचित्रावर न देता, वर्षभरात किती किलो खत निघाले आणि किती ओला कचरा बाहेर पाठवला नाही, याच्या नोंदवहीवर द्यावी, आणि आरोग्य निरीक्षकाने न कळवता येऊन ती वही आणि तो खड्डा दोन्ही पाहावेत. अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत पुण्यात जवळजवळ वीस वर्षांपासून आहे. तिच्यातून बाके आणि पदपथांचे ब्लॉक पुष्कळ झाले. प्रत्येक प्रभागात वर्गीकरणासाठी छत, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेली एक शेड तिच्यातून मागावी, असे मी वाचकांनाही सुचवते. पायाखाली चिखल आणि डोक्यावर फाटकी ताडपत्री अशा जागी उभे राहून आपला कचरा हाताने निवडणाऱ्या स्त्रियांना आपण पर्यावरणदूत म्हणतो, तेव्हा मला लाज वाटते.

आणि शाळांसाठी एकच. नववीच्या प्रकल्पवह्यांतली एक वही कमी करून त्याऐवजी प्रत्येक वर्गाने वर्षातून एकदा आपल्या प्रभागातल्या शेडमध्ये एक सकाळ घालवावी, तिथे शिकवणाऱ्या कचरावेचक बाईंना अतिथी व्याख्यात्याचे मानधन शाळेने द्यावे आणि त्या भेटीची नोंद मुलांनी स्वतःच्या शब्दांत करावी. शिक्षण विभागाला यासाठी नवीन अभ्यासक्रम किंवा नवीन पुस्तक काढावे लागणार नाही. एक परिपत्रक पुरे आहे, आणि ते निघेल या आशेने मी विभागाकडे स्वतंत्र निवेदनही पाठवत आहे.

आमच्या इमारतीतले तिन्ही खड्डे आता चालू आहेत. गेल्या वर्षी त्यांतून ६२० किलो खत निघाले; नोंदवही वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते आणि ती कोणीही येऊन पाहू शकते. ज्या सभासदांनी वासाचा प्रश्न विचारला होता, ते हल्ली रविवारी पाने गोळा करायला स्वतः येतात. ताईंचा करार येत्या काळात कसा राहील, हे मात्र त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे